एक चिवचिव जास्तीची

ओनोरीन फेले स्कीचे बूट पायात घालूनच जिना चढली. चीजच्या दुकानावरच्या त्या खोलीत आधी बुटांची खडखड पोचली, मग ती. गास्पारनं तिच्या वाटेतला गालिचा घाईघाईनं गुंडाळायला घेतला.

"राहू दे गास्पार," ती म्हणाली. "गालिचा खराब झाला तर दुसरा मिळेल. माझी घंटा गेलीय."

खिडकीजवळ बसलेल्या सिदोनी लुईझिएनं पेन्सिल खाली ठेवली. एके काळी ती बर्फाच्या प्रयोगशाळेत होती. हिमस्खलन का होतं, कुठल्या थरावरून होतं, हे शोधण्यात तिची अर्धी नोकरी गेली. मग तिनं ती सोडली आणि खोलीच्या दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. लोक बर्फापेक्षा सोपे असतात, असं तिचं म्हणणं होतं. गास्पार तिचा थोरला दीर. पोस्टाच्या बसवरून निवृत्त झाल्यापासून तो तिची गाडी चालवायचा, पिशव्या उचलायचा आणि न मागता मत द्यायचा.

"बस," सिदोनी म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

ओनोरीन ब्लांशपिएरच्या निवाऱ्याची राखणदारीण. खिंडीच्या खाली, हिमनदीच्या कडेला तो दगडी निवारा आहे. मोकळ्या बर्फातून स्की करणारे तिथं मुक्कामाला येतात, सूप पितात आणि सकाळी गाइडबरोबर पुढं जातात. आढ्याखाली एका लाकडी पेटीत काशाची घंटा टांगलेली. तिचा दोर पलीकडल्या बोळात उतरतो आणि तिथून भिंतीतून थेट स्वयंपाकघरात येतो. धुकं उतरलं की ओनोरीन एका हातानं सूप ढवळते आणि दुसऱ्यानं दोर ओढते. बाहेर चुकलेले लोक त्या आवाजावर घरी येतात.

"काल दुपारी धुकं आलं," ती म्हणाली. "दोर ओढला, तर हललाच नाही. वर चढून पाहिलं, पेटी रिकामी. दोराचं टोक आतल्या खिळ्याला बांधलेलं, म्हणजे मला खालून काही कळू नये."

"शेवटची कधी वाजली?"

"गुरुवारी, दिवेलागणीला. मग रात्रभर वादळ. कोण आलं नाही, कोण गेलं नाही. घरात तिघं होते आणि मी."

"आणि मंडळ उद्या येतंय," सिदोनी म्हणाली.

गावात हे सगळ्यांनाच माहीत होतं. निवारा गिर्यारोहण मंडळाचा. रविवारी मंडळाची माणसं वर येऊन जेवणार आणि राखणदारी ओनोरीनकडे ठेवायची की नाही ते ठरवणार. घंटा ज्यांनी दिली त्यांनी देतानाच अट घातली होती: जिला घंटा सांभाळता येत नाही, तिनं निवारा सांभाळू नये.

"दुकानात आत्ताच कुजबुज ऐकली," ओनोरीन म्हणाली. "मी विकली म्हणतात. उद्या ती पेटी रिकामी दिसली की मला खाली पाठवतील."

"खाली काय वाईट आहे?" गास्पारनं विचारलं. "आम्ही राहतोच की."

"खाली मी काय करू? बाल्कनीतल्या जेरेनियमला पाणी घालू?"

गास्पारनं गालिचा पुन्हा पसरायला घेतला. त्याच्या बाल्कनीत जेरेनियमच होते.

* * *

डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या वरच्या टोकाला सिदोनीनं दोघांना थांबवलं. जॅकेटच्या आतला बीकन काढून तिनं त्याची कळ शोधायच्या बाजूला फिरवली.

बीकन हा साबणाच्या वडीएवढा डबा. बाहेर निघताना प्रत्येकानं तो अंगावर बांधायचा आणि चालू ठेवायचा. माणूस बर्फाखाली गेला तर त्याचा डबा हाक देत राहतो, बाकीचे आपापले डबे शोधाला लावून ती हाक पकडतात. जवळ आलं की डबा चिवचिवतो.

"आपण तिघंच आहोत वहिनी," गास्पार म्हणाला. "त्यात तपासणी कसली?"

"तिघं असोत की तीस. चला, एकेक."

ओनोरीन समोरून गेली, डबा चिवचिवला. गास्पार गेला, चिवचिवला. दोघंही पुढं जाऊन उभे राहिले आणि तरी डबा चिवचिवतच राहिला.

सिदोनी हलेना. डबा हातात धरून ती हळूहळू डावीकडे गेली, वळली, कॉफीच्या टपरीमागं गेली. तिथं एक बाई उन्हात बसून केक खात होती. तिच्या जॅकेटमध्ये बीकन चालू होता.

"बोंज्यूर," सिदोनी म्हणाली. "तुमचाच होता तर. सावकाश खा."

"एवढ्यासाठी?" गास्पारनं कपाळाला हात लावला. "टपरीवरचाच कुणी असणार हे मीसुद्धा सांगितलं असतं."

"तुम्ही सांगितलं असतं भावोजी. पण तो बर्फाखालचा कुणी नाही, हे बघितल्याशिवाय कसं कळणार? हाक कुणाची ते कळल्याखेरीज पाऊल उचलायचं नाही. शिकताना पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

मग गास्पारनं तिचा डबा तपासला. तपासणाऱ्याला कुणी तरी तपासायचंच असतं.

स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून ते चढू लागले. पट्ट्याचे केस मागं झुकलेले, त्यामुळं स्की पुढं सरकते, मागं घसरत नाही. वादळानं उघड्या कड्यांवरचा बर्फ खरवडून नेला होता आणि आडोशाच्या खाचांत तो गादीसारखा भरून ठेवला होता. सिदोनी मध्येच काठी खुपसून बघायची आणि स्वतःशीच मान हलवायची.

झाडांची शेवटची रांग मागं पडली. इथून वर कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. बँकेचा मालक असो की गवळी, सगळे तू. वहिनी आणि भावोजी हे दोघं तेवढे कुठल्याही उंचीवर एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायचे, आणि त्याबद्दल सगळ्यांची थट्टा सोसायचे.

* * *

निवाऱ्याच्या पायरीवर आंब्रुआझ गाबिऊ उभा होता. दरीतला सगळ्यांत जुना गाइड. चेहरा उन्हानं भाजलेला, मिशीत बर्फ. गास्पारचा भिजलेला हातमोजा बघून त्यानं विचारायच्या आधीच पाठपिशवी उघडली.

"घे. कोरडा आहे. चष्मा हवा? पट्टे हवेत? गाइडच्या पिशवीत दोर सोडून सगळं दोन-दोन असतं."

"नशीबवान आहेत तुझे लोक," गास्पार म्हणाला.

"लोक नशीबवान नसतात, विसराळू असतात. त्यांच्यासाठी मी दुप्पट ओझं वाहतो."

"मफलर कुठंय तुझा?" ओनोरीननं स्की काढता काढता विचारलं.

"गरम होतंय."

"गरम? या वाऱ्यात?" ती आत जाताना म्हणाली. "मी विणून दिल्यापासून अंघोळीला तरी काढत होतास का, देव जाणे."

आंब्रुआझनं उघड्या गळ्याशी कॉलर ओढून घेतली. गास्पार मिशीत हसला. हा माणूस दर वसंतात, लिफ्ट बंद झाल्या दिवशी, ओनोरीनला लग्नाचं विचारतो आणि ती दर वसंतात त्याला सूप वाढून नाही म्हणते, हे दरीत गाईंनासुद्धा ठाऊक होतं.

सिदोनी आधी पेटीपाशी चढली. खिळ्याला बांधलेला दोर, रिकामा आकडा. खाली उतरून तिनं अंगणाकडं नजर टाकली. निवाऱ्यासमोरची फरशी वाऱ्यानं झाडून काढल्यासारखी होती. लाकडांच्या कोठाराच्या आडोशाला मात्र बर्फाचा ढीग पुरुषभर उंच साठला होता.

"वजन किती असेल घंटेचं?"

"बटाट्याचं पोतं," ओनोरीन म्हणाली. "उचलता येतं, पण घेऊन हिंडता येत नाही."

"आणि ते घेऊन स्कीवर वळणं घेता येतील?"

"पहिल्या वळणालाच तोंडावर पडेल."

स्वयंपाकघरात रोझलीन मारेत बटाटे सोलत होती. तिशीची, दणकट, हसरी. ती आणि बाझेलचे लिओनहार्ड स्टाउब, हे दोघं आंब्रुआझबरोबर तीन दिवसांच्या सफरीवर आले होते: सकाळी थोडं चढायचं, मग कुणाचीही रेघ नसलेल्या बर्फातून उतरायचं.

"तुलाही राखणदारी हवी आहे म्हणे," सिदोनी म्हणाली.

"अर्ज केलाय. ओनोरीनला माहीत आहे. तिचंच पेन घेऊन भरला."

"शाई माझी, अक्षर भयंकर," ओनोरीन चुलीपासून म्हणाली.

"घंटा सापडली नाही तर निवारा तुला मिळेल."

रोझलीननं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "मला मिळेल तेव्हा घंटेसकट हवाय. धुक्यात काय भांडी वाजवू?"

"काल सकाळी काही वेगळं घडलं?"

"माझ्या बीकनची बॅटरी संपली होती. हा बघ, अजून मेलेलाच आहे." तिनं खिशातून डबा काढून दाखवला. "आंब्रुआझकडे जादाचा मागितला, तर म्हणाला, निवाऱ्यातला घे. घेतला. मग निघालो. खिंडीखालच्या घळीतून उतरलो. काय बर्फ होता, सिदोनी. साखरेसारखा. आणि मग धुकं यायच्या आत त्यानं मला पळवत परत आणलं. एरवी तो आणखी एक चढ करायला लावतो."

दाराशेजारी खुंट्यांवर निवाऱ्याचे बीकन टांगलेले होते. एकही खुंटी रिकामी नव्हती.

"सगळे आहेत?" सिदोनीनं विचारलं.

"नसते तर मी काल झोपले असते का?" ओनोरीन म्हणाली. "रोझलीननं संध्याकाळी परत अडकवला तो मी स्वतः पुसला. माझाही तिथंच असतो, बंद. घरात कशाला चालू ठेवू?"

* * *

लिओनहार्ड स्टाउब शेकोटीपाशी पाय वर घेऊन बसले होते. जुन्या वस्तूंचे व्यापारी. मागच्या हिवाळ्यात त्यांनी ओनोरीनकडे घंटा विकत मागितली होती आणि तिनं त्यांना चीजच्या चमच्यानं दार दाखवलं होतं. या हिवाळ्यात ते पुन्हा आले. तिच्या सूपसाठी, असं ते म्हणत.

"मला हवी होती, हो," ते म्हणाले. "पण आढ्याखाली टांगलेली. माझ्या दुकानात ती नुसतं काशाचं भांडं झाली असती. हे मला मागाहून कळलं."

"काल तू बाहेर गेला नाहीस."

"गुडघा." त्यांनी डावा गुडघा चोळला. "म्हटलं, निदान शांतता मिळेल. कसली शांतता? गुरुवारी जेवण झालं तर वादळात बाहेर फावड्याची खरखर."

"कोण होतं?"

"आंब्रुआझ. दार बर्फानं बंद होऊ नये म्हणून. रोजच करतो बिचारा. सकाळी मी कॉफी घेऊन दारात उभा राहिलो, तर आत भांडी आदळतायत आणि बाहेर पायरीवर आंब्रुआझच्या हातातला डबा चिवचिवतोय. रोझलीन पार वरच्या वळणाला पोचली तरी चिवचिव चालूच. शेवटी 'जुना झालाय' म्हणाला आणि आवाज बंद करून गेला. मग वारा सुरू झाला. बाझेलमध्ये ट्रामच्या रुळांवर घर आहे माझं, तिथं याहून शांत असतं."

"तुझा बीकन तेव्हा कुठं होता?"

"खोलीत. बंद. हा काय." त्यांनी आपला डबा दाखवला. "एकच आहे, आणि तोही भाच्यानं दिलाय."

ते उठून कॉफी आणायला निघाले. गास्पारनं सिदोनीचा दंड धरून तिला खिडकीशी नेलं. त्याचे डोळे चमकत होते.

"वहिनी, बघितलंत? चोळला डावा, लंगडतोय उजव्या पायानं."

"बघितलं."

"मग संपलंच की. गुडघा खोटा. सगळे बाहेर गेल्यावर यानं घंटा कुठं तरी दडवली."

"दोर गुरुवारी रात्रीच बांधलेला असणार भावोजी. काल दिवसभर ओनोरीन घरात होती. तिच्या डोक्यावर चढून घंटा काढणार कोण?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "गुडघा खोटा आहे हे मात्र बरोबर. काल घळीतून उतरायचं होतं, त्याची त्याला भीती वाटली असेल. तसं सांगण्यापेक्षा गुडघा बरा."

गास्पारला वाईट वाटलं. आधी हातून निसटलेल्या केससाठी, मग स्टाउबसाठीही.

आंब्रुआझ बाहेर बाकावर बसून स्कीच्या कडा घासत होता. सिदोनी त्याच्याशेजारी बसली.

"तुला काय वाटतं?"

"कुणी तरी गंमत केली असेल." तो घासत राहिला. "सापडली नाही तरी काय मोठंसं. ओनोरीन दमलीय. इतकी वर्षं लाकडं, पाणी, वादळं. कधी तरी तिनं खाली यायलाच हवं. खाली माझं घर आहे, उन्हात आहे, दोन माणसांना पुरेल."

"तिला तसं वाटतं?"

"तिला विचारलं की ती सूप वाढते."

"काल सकाळी निघताना सगळं नेहमीसारखं होतं?"

"नेहमीसारखं," आंब्रुआझ म्हणाला.

सिदोनी उठली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण ती हातमोजे चढवत होती. तपास संपला की ती हातमोजे चढवते, एवढं गास्पारला आतापर्यंत कळलं होतं.

* * *

"सगळ्यांनी आपापले बीकन घेऊन बाहेर या," तिनं दारातून हाक दिली. "आणि सगळे बंद करा. निवाऱ्यातलेही."

पाच माणसं फरशीवर उभी राहिली. एकेकानं आपला डबा बंद केला. ओनोरीननं खुंट्यांवरचे सगळे तपासले. आंब्रुआझनं सगळ्यांच्या शेवटी बंद केला.

"आता या डोंगरावर एकही डबा हाक देत नाहीये," सिदोनी म्हणाली. ती पायरीवर चढली, जिथं आंब्रुआझ रोज सकाळी उभा राहायचा तिथं, आणि तिनं आपला बीकन शोधाला लावला.

डबा चिवचिवला.

ओनोरीनचा हात नकळत तोंडाशी गेला.

"घाबरू नकोस. माणूस नाहीये," सिदोनी म्हणाली. डब्यावरचा अंतराचा आकडा बघत ती फरशी ओलांडून कोठाराच्या आडोशाकडं गेली. डबा बर्फाला टेकवून तिनं तो इकडं-तिकडं फिरवला. चिवचिव घाईची झाली. मग तिनं घडीची लांब काठी झटक्यात सरळ केली आणि बर्फात उभी खुपसली. एकदा. थोडं सरकून पुन्हा.

तिसऱ्या वेळी बर्फाखालून आवाज आला. दबका, खोल, पण ओळखीचा.

"माझी घंटा," ओनोरीन म्हणाली आणि फावडं उचलायला धावली.

"थांब. खणायच्या आधी कुणी पुरली ते सांगते. नंतर तू ऐकणार नाहीस."

सिदोनीनं काठी तशीच रोवून ठेवली.

"वादळात बटाट्याचं पोतं घेऊन कुणी लांब जात नाही. घंटा जवळच असणार हे उघड होतं. पण पुरलेली वस्तू परत हवी असेल तर? रात्रभर बर्फ पडणार, उद्या अंगण ओळखू यायचं नाही. खूण म्हणून काठी रोवली तर ओनोरीन उपटून विचारेल, ही कसली? गवळ्यानं घंटा पुरली असती तर अंदाजानं पुरली असती. स्कीवाल्याला एकच उपाय सुचतो. त्यानं घंटेबरोबर चालू बीकन पुरला. सगळं शांत झालं की तो डबा आपणहून जागा सांगणार."

"पण कुणाचा बीकन?" रोझलीननं विचारलं.

"तेच. निवाऱ्याचे सगळे खुंटीवर. स्टाउबचा एक, तो त्याच्याजवळ. तुझा एक, मेलेला, तुझ्या खिशात. म्हणजे पुरणाऱ्याकडे दोन होते. आता सांग, काल बॅटरी संपल्यावर तू कुणाकडे मागितलास?"

रोझलीननं हळूच आंब्रुआझकडं पाहिलं.

"गास्पारचा मोजा भिजला, आंब्रुआझनं जादाचा दिला. चष्मा विचारला, पट्टे विचारले. दोर सोडून सगळं दोन-दोन, हे त्याचेच शब्द. अशा माणसाकडे आयत्या वेळी बीकन मागितला, तर तो म्हणतो, निवाऱ्यातला घे. कारण त्याचा दुसरा डबा त्या वेळी या ढिगाखाली होता."

"हरवला असेल," आंब्रुआझ म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाही पटलेला दिसला नाही.

"असेलही. तेवढ्यावर मी बोलले नसते. पण मग तू पायरीवर उभा राहिलास. इतक्या वर्षांची सवय, पाय तिथंच गेले. रोझलीन समोरून गेली, चिवचिव झाली. ती वरच्या वळणाला पोचली, तरी तुझा डबा गप्प बसेना. स्टाउबनं ऐकलं. घरातले सगळे डबे बंद होते." ती थांबली. "भावोजी, आज सकाळी मी केकवाल्या बाईला शोधेपर्यंत का हलले नाही?"

गास्पारला एकदम सगळं दिसलं. "बर्फाखाली कुणी असेल म्हणून."

"रात्रभर वादळ झालंय, दारासमोर पुरुषभर बर्फ साचलाय आणि त्यातून हाक येतेय. या दरीतला कुठलाही गाइड हातातलं सगळं टाकून खणायला लागला असता. शिकाऊसुद्धा. आणि आंब्रुआझ गाबिऊ, ज्यानं हे निम्म्या दरीला शिकवलं, तो म्हणाला 'जुना झालाय' आणि आवाज बंद करून निघून गेला. खाली माणूस नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच असं करू शकतो. आणि ते ज्यानं पुरलं त्यालाच ठाऊक असणार."

वाऱ्यानं फरशीवरून थोडा बर्फ उडवला. आंब्रुआझनं टोपी काढली.

"सोमवारी काढून परत टांगणार होतो," तो म्हणाला. "मंडळ येऊन गेल्यावर. म्हटलं, राखणदारी सुटली की ही खाली येईल. दुसरं काही मनात नव्हतं."

"ती चोर म्हणून खाली आली असती," सिदोनी म्हणाली. "गावात बोलणं सुरूसुद्धा झालंय."

"ते माझ्या डोक्यात आलं नाही."

"आणि काल धुक्यात बाहेर कुणी असतं तर?"

"नव्हतं. मी लिफ्टवर फोन करून विचारलं होतं. आणि रोझलीनला लवकर आणलं." त्यानं हातातली टोपी फिरवली. "तरी काल दुपारभर मला बसवेना. कान सारखे घंटेकडं."

ओनोरीन यातलं किती ऐकत होती कुणास ठाऊक. तिनं खणायला घेतलं होतं. बर्फ दोन्ही बाजूंना उडत होता. गोणपाटाचं गाठोडं वर आलं, त्याला दोरीनं बांधलेला बीकन अजून लुकलुकत होता. तिनं गोणपाट सोडलं, घंटा कुशीवर वळवली आणि आत हात घातला. लोलक वाजू नये म्हणून त्याला काही तरी घट्ट गुंडाळलं होतं. तिनं ते ओढून बाहेर काढलं.

लाल आणि करड्या पट्ट्यांचा लोकरी मफलर. घंटेच्या तेलानं मध्यभागी काळा झालेला.

"वादळात हाताशी तेवढंच होतं," आंब्रुआझ पुटपुटला.

ओनोरीन उभी राहिली. घंटा चोरल्याचं ऐकताना तिचा चेहरा एवढा लाल झाला नव्हता.

"मस्यू गाबिऊ," ती म्हणाली, "तुम्ही आत या. हात धुवा. आणि मग ही घंटा तुम्ही स्वतः वर टांगा."

रोझलीननं श्वास रोखला. स्टाउबनी नजर वळवली. झाडांच्या रेषेच्या वर, इतक्या वर्षांत, ब्लांशपिएरमध्ये कुणी कुणाला एवढं कठोर बोललं नव्हतं.

* * *

रविवारी मंडळ आलं आणि मंडळाच्या पाठोपाठ धुकं आलं. इतकं दाट, की फरशीवरून कोठार दिसेना. खालच्या वळणावर माणसं अडकली. मग त्यांना घंटा ऐकू आली, एका लयीत, न थांबता. एकेक करून सगळी दारात पोचली, मिशा आणि भुवया पांढऱ्या करून.

रॅक्लेटचा, म्हणजे वितळवलेल्या चीजचा, पहिला थर बटाट्यांवर उतरेपर्यंत राखणदारीचा विषय संपलासुद्धा होता. मंडळाच्या अध्यक्षांनी राय धान्याच्या पावाचा तुकडा मोडत एवढंच म्हटलं, की ज्या घंटेनं आपल्याला जेवायला आणलं तिच्याबद्दल चर्चा कसली करायची. रोझलीननं ओनोरीनच्या ग्लासात वाइन ओतली. "पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करीन," ती म्हणाली. "पेन जपून ठेव." स्टाउबनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की गुडघा ठीक आहे पण घळ फार उभी होती. त्यावर अध्यक्ष म्हणाले, त्या घळीत मीसुद्धा बसून उतरलो होतो. स्टाउबनी दुसऱ्यांदा बटाटे घेतले.

"दोर कोण ओढतंय?" अध्यक्षांनी विचारलं. "फार नेमानं वाजवतोय."

"नवा माणूस आहे," ओनोरीन म्हणाली. "शिकतोय."

जेवण आटोपलं. लोकांनी जर्दाळूची दारू चाखली, पट्टे गुंडाळून छातीशी ठेवले, बीकन तपासले आणि उतरून गेले. धुकं विरलं. खिंडीवर ऊन पडलं. स्वयंपाकघराच्या पलीकडल्या बोळात घंटेचा दोर अजून वरखाली होत होता.

गास्पारनं आत डोकावून पाहिलं. आंब्रुआझच्या बाह्या वर होत्या, कपाळावर घाम होता.

"ओनोरीन," गास्पार म्हणाला, "आकाश निरभ्र झालंय. तो अजून वाजवतोय."

"मी थांब म्हटलेलं नाही."

"हात गळून पडतील त्याचे."

चुलीवरच्या दोरीला धुतलेला मफलर टांगला होता. ओनोरीननं चिमटे काढून तो उलटा केला, ओली बाजू आचेकडं, आणि नीट पसरला. मग एका वाडग्यात सूप वाढलं आणि गास्पारच्या हातात दिलं.

"हे दे त्याला," ती म्हणाली. "आणि सांग, मफलर वाळेपर्यंत वाजव म्हणावं."

गास्पार वाडगं घेऊन बोळाकडं वळला. जाता जाता त्यानं मफलरला बोट लावून पाहिलं. जवळजवळ वाळला होता.